‘ब्रँडी दे हेरेस’ : शेरीच्या पिंपांत मुरणारी स्पेनची दुर्मीळ ‘ड्राय’ ब्रँडी

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यालगत, आंदालुसिया प्रदेशातील कादिझ प्रांतात, हेरेस दे ला फ्रोंतेरा, एल पुएर्तो दे सांता मारिया आणि सानलुकार दे बारामेदा ही तीन शहरे आहेत. नकाशावर त्यांना रेषांनी जोडले, तर एक लहानसा त्रिकोण तयार होतो. जगप्रसिद्ध ‘शेरी’ वाईनचे हे माहेरघर. याच त्रिकोणात, शेरी मुरवून झालेल्या ओकच्या पिंपांत, द्राक्षांपासून काढलेले मद्य वर्षानुवर्षे ठेवले जाते. त्यातून जे सिद्ध होते, त्याला ‘ब्रँडी दे हेरेस’ म्हणतात.

या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी बाजारात येतात. त्यांपैकी एक ब्रँडी कायद्याने घातलेली किमान मुदत पूर्ण करून, रंगासाठी कॅरॅमल आणि चवीसाठी गोडवा घेऊन बाटलीत उतरते. दुसरी पंधरा, वीस, क्वचित त्याहूनही अधिक वर्षे पिंपात मुरलेली असते आणि तिच्यात वरून घातलेला गोडवा नसतो किंवा नाममात्र असतो. जाणकार तिला ‘ड्राय’ म्हणतात. दोन्हींच्या लेबलवर ‘सोलेरा ग्रान रेसेर्वा’ हे एकच सर्वोच्च बिरुद झळकू शकते. त्यांच्यातील अंतर बिरुदावरून कळत नाही. ते पिंपांच्या हिशेबातून आणि साखरेच्या अनुपस्थितीतून कळते. ही दुसऱ्या प्रकारची ब्रँडी नेहमीच थोडी होती. आता ती अधिकच दुर्मीळ झाली आहे.

नावामागचा इतिहास

हेरेस हे शहर आठव्या शतकाच्या आरंभापासून १२६४ पर्यंत मुस्लिम अमलाखाली होते. अरबीत त्याचे नाव ‘शेरीश’ असे होते. त्याच नावावरून इंग्रजांनी तेथील वाईनला ‘शेरी’ म्हटले. कास्तियाचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२६४ मध्ये शहर जिंकले. तोवर ऊर्ध्वपातनाची विद्या या भागात रुजली होती. औषधे आणि अत्तरे यांसाठी तिचा वापर होत असे. पारंपरिक भट्टीला स्पॅनिशमध्ये आजही ‘आल्कितारा’ म्हणतात. ठिबकणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो शब्द आला आहे. ‘अल्कोहोल’ हा शब्दही अरबीतूनच युरोपात गेला.

हेरेसमध्ये द्राक्षमद्याचा व्यापार किती जुना आहे, याचा नेहमी दिला जाणारा पुरावा १५८० सालचा आहे. त्या वर्षी नगरपरिषदेने ‘आग्वार्दिएन्ते’वरील, म्हणजे ऊर्ध्वपातित मद्यावरील, कराचे उत्पन्न जेझुइट पंथाच्या विद्यालयाच्या उभारणीसाठी दिले. एखाद्या पदार्थावरील करातून विद्यालय उभे राहू शकते, याचाच अर्थ त्याची उलाढाल लक्षणीय होती.

पुढील शतकांत या मद्याचे मोठे ग्राहक डच व्यापारी होते. ‘ब्रँडी’ हा शब्दही डच भाषेतील ‘ब्रांदेवाइन’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ ‘जाळलेली वाईन’. हेरेसच्या परिसरात सौम्य ऊर्ध्वपातित मद्याला अजूनही ‘ओलान्दास’ म्हणतात. हॉलंडला जाणारा माल म्हणून पडलेले हे नाव पुढे तांत्रिक संज्ञाच बनले.

हे मद्य पिंपात मुरवून विकण्याची प्रथा कशी पडली, याची एक कथा हेरेसमध्ये सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेद्रो दोमेक लोउस्ताउ यांच्या पेढीकडे एका डच ग्राहकाने ‘ओलान्दास’ची मोठी मागणी नोंदवली; मात्र व्यवहार फिसकटला. तयार माल शेरीच्या रिकाम्या पिंपांत भरून कोपऱ्यात ठेवण्यात आला. काही वर्षांनी पिंप उघडले, तेव्हा पांढऱ्या, तिखट मद्याला सोनेरी रंग आणि मऊपणा आला होता. ही कथा तपशीलवार खरी असो वा नसो, दोमेक पेढीने १८७४ मध्ये ‘फुंदादोर’ ही ब्रँडी बाजारात आणली, ही गोष्ट सर्वमान्य आहे. या नावाचा अर्थ ‘संस्थापक’. स्पॅनिश ब्रँडीच्या व्यापारी इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथूनच धरला जातो.

तो काळही अनुकूल ठरला. फ्रान्समधील द्राक्षबागा ‘फिलॉक्झेरा’ या मुळांवरील किडीने उद्ध्वस्त होत होत्या आणि कोन्याकचा पुरवठा आटला होता. हेरेसमध्ये ही कीड १८९४ मध्ये पोहोचली. मधल्या दोन दशकांत स्थानिक पेढ्यांनी ब्रँडीचा व्यवसाय उभा केला. १७८१ मध्ये स्थापन झालेल्या सांचेस रोमाते पेढीची ‘कार्देनाल मेंदोसा’ ही ब्रँडी १८८७ पासूनची आहे. स्पेनमध्ये या पेयाला बराच काळ सर्रास ‘कोन्याक’च म्हटले जाई. ते नाव फ्रान्समधील एका विशिष्ट प्रदेशाचे असल्याने पुढे लेबलवरून ते वगळावे लागले.

द्राक्षापासून पिंपापर्यंत

‘ब्रँडी दे हेरेस’ या नावातील हेरेसचा संबंध मुरवण्याशी आहे. द्राक्षांशी तो असेलच असे नाही. या ब्रँडीसाठी लागणारी बहुतेक वाईन ‘आइरेन’ जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची असते. ती मध्य स्पेनमधील ला मांचा आणि पश्चिमेकडील एक्स्त्रेमादुरा या भागांत पिकतात. ऊर्ध्वपातनही बरेचसे तिकडेच, विशेषतः तोमेयोसो या गावाच्या परिसरात होते. शेरीसाठी प्रसिद्ध असलेले ‘पालोमिनो’ द्राक्ष हेरेसच्या चुनखडीयुक्त पांढऱ्या जमिनीत येते. परंतु ब्रँडीत त्याचा वाटा अल्प आहे.

ऊर्ध्वपातनाच्या दोन पद्धती आहेत. पहिली तांब्याच्या आल्कितारामध्ये एकेका घाण्याने होते आणि तिच्यातून साधारण ७० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेले ओलान्दास मिळते. दुसरी उंच स्तंभांतून अखंड चालते आणि तिच्यातून अधिक तीव्र, पण वासाने व चवीने सपाट मद्य निघते. तीव्रता जितकी वाढते, तितके द्राक्षाचे अंश मागे राहतात. म्हणूनच नियमांनुसार ब्रँडीतील मद्यार्कापैकी निम्म्यापेक्षा अधिक वाटा अतितीव्र मद्याचा असता कामा नये. दीर्घकाळ मुरवायच्या उत्तम ब्रँडीसाठी बहुधा केवळ ओलान्दासच वापरतात. कारण वीस वर्षांनंतर पिंपातून काय निघणार, हे मुळात आत काय घातले यावरही अवलंबून असते.

मुरवण्यासाठी मुख्यत्वे अमेरिकन ओकची, साधारण ५०० लिटर मापाची पिंपे वापरतात. स्थानिक भाषेत त्यांना ‘बोता’ म्हणतात. या पिंपांत आधी शेरी मुरलेली असावी लागते. शेरीचा प्रकार ब्रँडीची प्रकृती ठरवतो. फिकट व कोरड्या ‘फिनो’च्या पिंपातून हलक्या रंगाची, रेखीव चवीची ब्रँडी मिळते. ‘अमोंतियादो’ आणि ‘ओलोरोसो’च्या पिंपांतून गडद, अक्रोड-बदामाची आठवण देणारी ब्रँडी येते. ‘पेद्रो हिमेनेझ’ ही वाईन उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची आणि काकवीसारखी दाट गोड असते. तिची पिंपे ब्रँडीला गोडसर वळण देतात. पिंपाच्या लाकडात अनेक लिटर वाईन जिरलेली असते आणि ती हळूहळू ब्रँडीत उतरते. त्यामुळे ‘ड्राय’ ब्रँडीसाठी मुख्यतः पहिल्या तीन प्रकारांची पिंपे निवडली जातात.

ही पिंपे जमिनीखालच्या तळघरांत नसतात. हेरेसच्या ‘बोदेगा’ म्हणजे जमिनीवर बांधलेली, जाड भिंतींची, मंदिराच्या मंडपासारखी उंच छते असलेली कोठारे. खिडक्या उंचावर असतात आणि त्यांना गवती दोराचे पडदे लावलेले असतात. मातीच्या जमिनीवर उन्हाळ्यात पाणी शिंपडतात. अटलांटिककडून येणारा ‘पोनिएन्ते’ वारा दमट असतो, तर पूर्वेकडचा ‘लेवान्ते’ उष्ण व कोरडा असतो. कोरड्या हवेत पिंपातून पाणी अधिक उडते, दमट हवेत मद्यार्क अधिक उडतो. त्यामुळे एकाच बोदेगातील दोन कोपऱ्यांत ठेवलेली पिंपे वीस वर्षांनी सारखी राहत नाहीत.

सोलेरा : कधीही पूर्ण रिकामे न होणारे पिंप

हेरेसचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ‘क्रियादेरा व सोलेरा’ ही पद्धत. पिंपांच्या ओळी थरांमध्ये लावलेल्या असतात. सर्वांत जुन्या थराला सोलेरा म्हणतात; ‘सुएलो’ म्हणजे जमीन, या शब्दाशी त्याचे नाते आहे. त्याच्या वरच्या श्रेणींना क्रियादेरा, म्हणजे ‘संगोपनाच्या जागा’, म्हणतात. बाटलीत भरायची ब्रँडी केवळ सोलेरातून आणि तीही पिंपाच्या काही अंशाइतकीच काढतात. रिकामी झालेली जागा पहिल्या क्रियादेरातून भरतात, त्या क्रियादेराची जागा दुसऱ्यातून, आणि सर्वांत वरच्या थरात नवे मद्य ओततात.

मराठी घरातील विरजणाशी ही पद्धत काहीशी मिळतीजुळती आहे. कालच्या दह्याचा अंश आजच्या दुधात जातो, आजचा उद्याच्या. सोलेरात मात्र जुन्याचा वाटा चमचाभर नसून पिंपाचा बराच मोठा भाग असतो. नवे मद्य जुन्यात मिसळताच जुन्याचे गुण घेऊ लागते. त्यामुळे दरवर्षी बाहेर पडणाऱ्या ब्रँडीची चव जवळपास स्थिर राहते.

अशा ब्रँडीचे वय सांगायचे कसे? बाटलीत शंभर वर्षांपूर्वीचे काही थेंब असू शकतात आणि काही वर्षांपूर्वीचे मद्यही असू शकते. म्हणून येथे सरासरी वय मोजतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या मद्यविषयक नियमावलीत त्याचे सूत्र दिले आहे : संपूर्ण व्यवस्थेतील साठ्याला दरवर्षी काढल्या जाणाऱ्या प्रमाणाने भागले की सरासरी वय मिळते.

हे सूत्र एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. तीन थर, प्रत्येक थरात २० पिंपे आणि प्रत्येक पिंपात ५०० लिटर धरले, तर एकूण साठा ३०,००० लिटर होतो. मालकाने दरवर्षी सोलेराचा एक तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे ३,३३३ लिटर काढले, तर सरासरी वय नऊ वर्षे येते आणि ०.७ लिटरच्या सुमारे ४,७०० बाटल्या भरतात. त्याने हात आखडून केवळ एक दशांश, म्हणजे १,००० लिटर काढले, तर सरासरी वय ३० वर्षांवर जाते. मात्र बाटल्या सुमारे १,४०० उरतात. इमारत तीच, पिंपे तीच आणि राबणारी माणसेही तीच. फरक फक्त किती काढायचे नाही, यात आहे.

त्यात बाष्पीभवनाचा खर्च वेगळा. लाकडातून दरवर्षी साठ्याचा काही भाग हवेत जातो. युरोपात त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. हिशेबासाठी तो तीन टक्के धरला, तर वरील उदाहरणात दरवर्षी ९०० लिटर उडून जातील. जो मालक ३,३३३ लिटर काढतो, त्याच्या नव्या मद्यापैकी साधारण पाचवा भाग हवेत जाईल. जो केवळ १,००० लिटर काढतो, त्याचे जवळजवळ निम्मे मद्य बाटलीपर्यंत पोहोचणारच नाही. दीर्घकाळ मुरलेली ब्रँडी महाग का असते आणि ती बनवणारे थोडे का असतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

गोडव्याची सोय

पिंपात घालवलेली वर्षे मद्याला केवळ मऊपणा देत नाहीत. ओकमधील टॅनिनमुळे तुरटपणा वाढतो. लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलासारखा गंध येतो. पिंपातून झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे नवी संयुगे तयार होतात. पाणी आणि मद्यार्क उडत गेल्याने उरलेले सारे घटक दाट होतात. त्यामुळे खरोखर जुनी, ड्राय ब्रँडी जिभेवर गुळगुळीत वाटत नाही. ती किंचित तुरट, खारट-कडवट छटेची आणि घोट गिळल्यानंतर बराच वेळ रेंगाळणारी असते. प्रथमच चाखणाऱ्याला ती कठोर वाटू शकते.

उलट, कमी मुरलेल्या मद्याचा तिखटपणा साखरेने सहज झाकता येतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ब्रँडीत प्रतिलिटर ३५ ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो. रंग सारखा राखण्यासाठी कॅरॅमलही चालते. यात बेकायदा काही नाही. हेरेसमध्ये गोड वाईन व फळांच्या अर्कांचा पुट देण्याची परंपरा जुनी आहे आणि अनेक नामांकित ब्रँडींची ओळखच त्या गडद गोडव्यात आहे. मात्र मद्याच्या लेबलवर घटक आणि साखरेचे प्रमाण छापण्याचे बंधन युरोपात नाही. परिणामी गडद रंग पाहून ‘ही जुनी असणार’ आणि मऊ घोट घेऊन ‘ही मुरलेली असणार’ असा समज करून घेणारा ग्राहक फसू शकतो. रंग कॅरॅमलचा असू शकतो आणि मऊपणा साखरेचा. गोडवा नसलेल्या ब्रँडीला हा आडोसा मिळत नाही. तिला कमी वयात बाटलीत उतरवले, तर तिचे वय लगेच उघडे पडते.

श्रेणी आणि त्यांची मर्यादा

‘ब्रँडी दे हेरेस’चे स्वतःचे नियामक मंडळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अस्तित्वात आले. या नावाला युरोपीय संघात भौगोलिक संरक्षण आहे. त्रिकोणाबाहेर मुरवलेल्या ब्रँडीला ते वापरता येत नाही. मद्यार्काचे प्रमाण किमान ३६ टक्के असावे लागते. परंपरेने तीन श्रेणी आहेत. ‘सोलेरा’ किमान सहा महिने, ‘सोलेरा रेसेर्वा’ किमान एक वर्ष आणि ‘सोलेरा ग्रान रेसेर्वा’ किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. प्रत्यक्षात चांगल्या पेढ्यांची ग्रान रेसेर्वा सरासरी आठ-दहा वर्षांची असते. परंतु कायद्याची अट तीन वर्षांवर थांबते.

फ्रान्सच्या कोन्याकशी तुलना केल्यास हा फरक उठून दिसतो. कोन्याकमध्ये वय मोजताना मिश्रणातील सर्वांत तरुण मद्य पाहतात. ‘व्हीएस’साठी दोन, ‘व्हीएसओपी’साठी चार आणि २०१८ पासून ‘एक्सओ’साठी दहा वर्षे ही किमान मर्यादा आहे. हेरेसच्या शेजारच्याच पिंपांतील शेरीलाही अशी सोय आहे. २००० पासून २० आणि ३० वर्षांहून अधिक सरासरी वयाच्या शेरीला स्वतंत्र प्रमाणपत्र दिले जाते. तज्ज्ञांचे मंडळ ती चाखून पाहते आणि जितकी वाईन बाजारात पाठवायची, तिच्या अनेक पट साठा मागे ठेवावा लागतो. ब्रँडीच्या तीन श्रेणींत मात्र तीन वर्षांची आणि तीस वर्षांची ब्रँडी एकाच शिखरावर बसतात. मधले अंतर उत्पादकाच्या शब्दावर आणि पिणाऱ्याच्या जिभेवर सोडलेले आहे.

ड्राय ब्रँडी जपणाऱ्या पेढ्या

१८३५ मध्ये स्थापन झालेल्या गोन्सालेस बायास पेढीची ‘लेपांतो’ ही या प्रवाहातील सर्वपरिचित ब्रँडी. ती ला मांचाच्या आइरेनपासून न बनवता हेरेसच्या पालोमिनो द्राक्षांपासून बनवतात. तिचे ऊर्ध्वपातनही हेरेसमध्येच होते. पेढीच्या ‘तिओ पेपे’ या फिनो शेरीच्या पिंपांचा तिच्यासाठी वापर होतो. मूळ लेपांतो कोरड्या चवीची आहे. गोडसर चव हवी असणाऱ्यांसाठी पेद्रो हिमेनेझच्या पिंपांतून काढलेला प्रकार वेगळा मिळतो.

रेय फेर्नांदो दे कास्तिया ही तुलनेने छोटी पेढी विसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचे यान पेटरसन यांच्या हाती आली. गोडवा टाळून दीर्घकाळ मुरवलेली ब्रँडी ही तिची ओळख झाली. ‘एकिपो नावासोस’ या चमूची वाट वेगळी आहे. ग्रानादा विद्यापीठात कायदा शिकवणारे हेसूस बार्किन आणि वाईनतज्ज्ञ एदुआर्दो ओखेदा यांनी २००५ मध्ये मित्रमंडळीपुरता हा उपक्रम सुरू केला. जुन्या बोदेगांच्या कोपऱ्यांत विसरलेली पिंपे शोधायची, पिंपातील मद्य शक्यतो आहे तसे बाटलीत भरायचे आणि प्रत्येक खेपेला क्रमांक द्यायचा, ही त्यांची पद्धत. आरंभ शेरीपासून झाला. पुढे ब्रँडीही आली. निकोला पालात्सी यांच्या सहकार्याने त्यांनी रंग, साखर न घालता बाटलीबंद केलेल्या ब्रँडीमुळे जगभरातील जाणकारांचे लक्ष पुन्हा हेरेसकडे वळले. अशा खेपा संख्येने अत्यल्प असतात आणि संपल्यावर तीच बाटली पुन्हा मिळत नाही.

बदललेले ग्राहक, बदललेले मालक

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रँडी हे स्पेनचे रोजचे पेय होते. तिच्या लोकप्रियतेची खूण आजही महामार्गांवर दिसते. ओस्बोर्न पेढीच्या ‘वेतेरानो’ ब्रँडीच्या जाहिरातीसाठी चित्रकार मानोलो प्रिएतो यांनी १९५६ मध्ये काळ्या बैलाची आकृती रेखाटली. पुढे चौदा मीटर उंचीचे असे बैल देशभर टेकड्यांवर उभे राहिले. रस्त्यालगतच्या जाहिरातींवर १९८८ मध्ये बंदी आल्यावर त्यांवरील नाव पुसले गेले. बैलही हटवण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे सांस्कृतिक मूल्य मान्य केले. बैल टिकला, ब्रँडीचा खप मात्र घटत गेला. नव्या पिढ्या व्हिस्की, जिन आणि रमकडे वळल्या. ब्रँडी आजोबांचे पेय ठरली.

मालकीही बदलली. शेरीच्या अनेक पेढ्या ताब्यात घेतलेला ‘रुमासा’ हा उद्योगसमूह १९८३ मध्ये स्पॅनिश सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातील पेढ्या पुढे विकल्या गेल्या. दोमेक पेढी १९९४ मध्ये ब्रिटिश समूहात विलीन झाली. त्यानंतर हात बदलत गेलेला ‘फुंदादोर’चा व्यवसाय फिलिपीन्सच्या ‘एम्पेरादोर’ कंपनीने २७.५ कोटी युरोंना घेण्याचा करार केला; तो व्यवहार २०१६ मध्ये पूर्ण झाला. फिलिपीन्स तीन शतकांहून अधिक काळ स्पेनच्या अमलाखाली होता आणि तेथे ब्रँडीला प्रचंड मागणी आहे. एकेकाळच्या वसाहतीतील कंपनीने स्पेनच्या ‘संस्थापक’ ब्रँडीची मालकी घेतली, असा हा उलटा प्रवास आहे. याच कंपनीने २०१४ मध्ये भारताच्या युनायटेड स्पिरिट्सकडून ‘व्हाइट अँड मॅके’ हा स्कॉच व्हिस्कीचा व्यवसाय विकत घेतला होता.

भारतातील ‘ब्रँडी’

भारतीय वाचकाला ब्रँडी हा शब्द परका नाही. दक्षिणेकडील राज्यांत तिचा खप मोठा आहे. तेथे लोकप्रिय असलेली ‘मॅन्शन हाऊस’ ब्रँडी बनवणाऱ्या तिलकनगर इंडस्ट्रीजचे मूळ महाराष्ट्रात, अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरजवळ आहे. १९३३ मध्ये साखर कारखाना म्हणून ती सुरू झाली. हा संबंध योगायोगाचा नाही. भारतात ब्रँडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या मद्यार्काचा वाटा मोठा असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत म्हणूनच शुद्ध द्राक्ष ब्रँडी आणि मिश्रित ब्रँडी असे भेद केलेले आहेत. युरोपात मात्र वाईनच्या ऊर्ध्वपातनाखेरीज बनलेल्या पेयाला केवळ ‘ब्रँडी’ म्हणता येत नाही.

प्रदेशाचे नाव पेयाला जोडून त्याचे संरक्षण करण्याची कल्पना भारतातही रुजली आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हेरेसचा अनुभव असा, की मानांकन पदार्थाच्या जागेचे रक्षण करते. त्याच्या वयाचे रक्षण करीत नाही. त्यासाठी वेगळा नियम लागतो, किंवा नियमाहून कडक असा उत्पादकाचा निर्धार.

हेरेसमधील जुन्या सोलेरांपुढचा प्रश्न तोच आहे. मागणी घटली की पिंपे बोदेगाची जागा अडवतात आणि साठ्यातील मद्य दरवर्षी उडत राहते. विकून मोकळे होण्याचा मोह वाढतो. मागणी एकाएकी वाढली, तर नेहमीपेक्षा अधिक काढण्याचा मोह होतो. दोन्ही प्रसंगी नुकसान एकच. पिंपे नवी आणता येतात, द्राक्षे दरवर्षी पिकतात, भट्टीही पुन्हा पेटवता येते. परंतु सरासरी तीस वर्षांची सोलेरा रिकामी झाली, तर ती पुन्हा त्या वयाला आणण्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ तिच्यातून फारसे काही न काढता वाट पाहावी लागते. आज ज्या ड्राय ब्रँडीची वाखाणणी होते, ती अशी वाट पाहणाऱ्या मागच्या पिढ्यांची शिल्लक आहे. ती किती काढायची आणि किती ठेवायची, हे आता नव्या मालकांना ठरवायचे आहे.